पाणकणीस आणि त्याचे पाणी

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या आयुष्यात पाणकणीस ही वनस्पती निरनिराळ्या वयांत निरनिराळ्या रूपांनी येते, परंतु ताटात ती सहसा येत नाही. ओढ्याकाठी खेळणाऱ्या मुलाला ती तपकिरी, मखमली कणसाच्या रूपाने भेटते, आणि पिकलेले कणीस हातात चुरगाळून त्यातून सुटणाऱ्या म्हाताऱ्यांमागे धावण्यात त्याची दुपार निघून जाते. वाचनाच्या वयात हीच वनस्पती महाभारताच्या मौसलपर्वात समोर येते, संसाराच्या वयात ती वाळवलेल्या कणसांच्या जुडीच्या रूपाने दिवाणखान्यातल्या फुलदाणीत उभी राहते, आणि उतारवयात गावाकडचा ओढा आटून त्याच्या पात्रातून सांडपाणी वाहू लागलेले पाहावे लागते, तेव्हा त्या सांडपाण्यातही तीच उंच, पट्टीसारखी पाती दाट उभी असतात. एका माणसाच्या हयातीत त्याच्या भोवतालचे पाणी पुरते पालटते, तरी ही वनस्पती त्याच्या सोबतीला राहतेच. जगाच्या अनेक भागांत या वनस्पतीने माणसाला पीठ दिले, भाजी दिली, गोडधोड दिले. ते अन्न मागे कसे पडले हे समजून घ्यायचे तर वनस्पतीइतकेच तिच्या पाण्याकडेही पाहावे लागते.

मौसलपर्वातला उल्लेख अन्नाचा नाही. ऋषींच्या शापाने जन्मलेल्या लोखंडी मुसळाचे चूर्ण करून ते समुद्रात टाकले जाते, आणि पुढे प्रभासक्षेत्री यादव एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा त्यांनी उपटून घेतलेली एरका नावाची वनस्पती मुसळासारखी कठीण होऊन साऱ्या कुळाचा संहार करते. ही एरका म्हणजे पाणकणीस असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या वनस्पतीवर इतर काही समाज वर्षातले कित्येक आठवडे जगले, ती भारतीय वाचकाच्या मनात कुलक्षयाच्या कथेमुळे राहावी, ही गोष्ट खेदाची आहे. कारण त्या कथेतल्या राजपुरुषांपेक्षा वेगळी, पाण्याकाठी राहणारी आणि पाण्यावर जगणारी माणसे या उपखंडातही होती, आणि त्यांचे ताट महाकाव्यात आलेले नाही.

शास्त्रीय वर्गीकरणात पाणकणीस ‘टायफा’ या प्रजातीत मोडते, आणि मराठीत त्याला रामबाण असेही नाव आहे. महाराष्ट्रात प्रामुख्याने आढळणाऱ्या जातीला टायफा डोमिन्जेन्सिस म्हणतात, जुन्या ग्रंथांत तिचा उल्लेख टायफा अँगुस्टाटा या नावाने येतो, तर सिंध आणि उत्तरेकडील मैदानात टायफा एलिफंटिना ही अधिक थोराड जात वाढते. उथळ, संथ पाण्यात आणि चिखलात ही वनस्पती दोन-तीन मीटर उंच होते. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिच्या पानांत आणि खोडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून हवा थेट खाली मुळांपर्यंत पोहोचते, आणि तिच्यातला थोडा प्राणवायू मुळांतून भोवतालच्या गाळात झिरपतो. चिखलाखालून आडवे पसरणारे जे जाड खोड असते त्याला वनस्पतिशास्त्रात मूलक्षोड म्हणतात. वरची पाती सुकली तरी ते जिवंत राहते आणि पुढच्या हंगामासाठी पिष्ट साठवून ठेवते. फुलोऱ्याचे दोन भाग असतात. वरच्या बारीक भागात नर-फुले असतात, ती थोड्याच दिवसांत पिवळे परागकण वाऱ्यावर सोडून गळून पडतात. खालच्या जाड भागात स्त्री-फुले असतात, आणि ज्याला लोक कणीस म्हणतात ते याच भागातून तयार होते. पिकलेल्या एका कणसात बियांची संख्या लाखाच्या घरात जाते, आणि प्रत्येक बीला रेशमी केसांचा झुबका असल्यामुळे ती वाऱ्यावर फार दूर जाते. नव्याने खोदलेल्या शेततळ्यात कोणी न लावता पाणकणीस उगवते ते यामुळेच.

खाद्य म्हणून या वनस्पतीचे बहुतेक सर्व भाग वर्षाच्या वेगवेगळ्या काळात उपयोगी पडतात. कोवळ्या कोंबाची बाहेरची पाती सोलून काढली की आत पांढरा, रसाळ गाभा मिळतो, तो कच्चा किंवा शिजवून खातात. फुलोरा पातीच्या वेष्टनात हिरवा असतानाच उकडून खाल्ला जातो. परागकण पिठात मिसळतात किंवा त्यांचेच पदार्थ करतात. आणि पिकलेल्या कणसाचे केस जाळून टाकले की मागे भाजलेल्या बारीक बिया राहतात. अमेरिकेतील लेखक यूएल गिबन्स यांनी १९६२ साली रानभाज्यांवर लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकात या वनस्पतीला एक स्वतंत्र प्रकरण दिले ते याच बहुगुणीपणामुळे. परंतु या सर्वांत पोटाला आधार देणारा भाग म्हणजे मूलक्षोड होय, आणि तेच काढायला सर्वांत कष्टाचे आहे. थंडीच्या दिवसांत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते चिखलातून उपटावे लागते, धुऊन त्याची साल काढावी लागते, आणि आतल्या गाभ्यात लांबच लांब चिवट तंतू असल्यामुळे तो नुसता वाटून चालत नाही. गाभा थंड पाण्यात चुरडून तंतू बाजूला काढतात, गढूळ पांढरे पाणी निवू देतात, वरचे पाणी ओतून देऊन तळाशी बसलेले पिष्ट पुन्हा धुतात, आणि मग ते वाळवतात. कोकणातल्या घरांत तवकील ज्या रीतीने काढली जाते तिच्याशी ही रीत इतकी जुळते, की तवकिलीचे पातेले निवताना पाहिलेल्या बाईला पाणकणसाचे पीठ कसे करावे हे वेगळे शिकवावे लागणार नाही. तंतू काढून टाकण्याची दुसरी रीत म्हणजे मूलक्षोड आधी कडक वाळवून कुटायचे आणि पीठ चाळून घ्यायचे. आणि माणसाने या वनस्पतीचे पीठ केल्याचा सर्वांत जुना पुरावा कुटण्याच्या दगडांवरच मिळालेला आहे.

इटलीतील टस्कनी प्रांतात, मुजेल्लो खोऱ्यातल्या बिलांचिनो या ठिकाणी पुराश्मयुगीन मानवाची एक उन्हाळी वस्ती सापडली. तेथील सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीच्या दगडी वरवंट्यावर आणि पाट्यावर चिकटून राहिलेल्या पिष्टकणांचा अभ्यास आन्ना रेवेदिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि त्यांतले बरेचसे कण पाणकणसाच्या मूलक्षोडाचे आहेत असा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध केला. रशिया आणि चेक प्रजासत्ताकातील त्याच काळातल्या दोन स्थळांवरील दगडांवरही वनस्पतींचे पिष्ट आढळले. शेतीचा आरंभ फार तर १०-१२ हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो, म्हणजे गहू आणि जव पेरण्याच्या कितीतरी आधी माणूस पीठ करीत होता, आणि त्या पिठात दलदलीतल्या या वनस्पतीचा वाटा होता. हिमयुगातला माणूस केवळ शिकारीच्या मांसावर जगत होता अशी जी समजूत दीर्घकाळ रूढ होती, तिला या संशोधनाने मोठा धक्का दिला. त्या संशोधकांनी स्वतः मूलक्षोड वाळवून, दगडावर कुटून त्याच्या भाकऱ्या भाजून पाहिल्या, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे. अन्नाविषयीचे संशोधन असेच चुलीपर्यंत जायला हवे.

परागकणांचे अन्न ही या वनस्पतीची सर्वांत नाजूक देणगी आहे, आणि एकमेकांना कधी न भेटलेल्या समाजांनी ती स्वतंत्रपणे शोधून काढली. न्यूझीलंडचे माओरी लोक रौपो नावाच्या स्थानिक पाणकणसाचे पराग उन्हाळ्यात गोळा करीत, चाळून, पाण्यात कालवून त्याच्या गोडसर वड्या जमिनीतल्या भट्टीत वाफवीत, आणि या पदार्थाला पुंगापुंगा म्हणत. सिंधमध्ये टायफा एलिफंटिनाच्या परागापासून बूर नावाचा पिवळा पदार्थ होत असे, त्याची नोंद ब्रिटिश काळातील वनस्पतिग्रंथांत आहे. त्याच सिंधमध्ये मंछर सरोवरावर मोहाणा कोळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या होड्यांमध्येच राहिल्या, आणि विसाव्या शतकात शेतीचे खारे सांडपाणी नाल्याने त्या सरोवरात सोडले जाऊ लागल्यावर तिथले मासे आणि कमळे दोन्ही झपाट्याने कमी झाली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे मोठ्या संख्येने कल्याणजवळच्या छावण्यांत आली आणि त्यांतून १९४९ साली उल्हासनगर वसले. तेथल्या भाजीबाजारात मिळणारा कमळाचा देठ, ज्याला सिंधी लोक बीह म्हणतात, हा त्या पाणथळ खाद्यसंस्कृतीचा महाराष्ट्रात पोहोचलेला अंश आहे.

तथापि परागाचे अन्न एका संपूर्ण आयुष्याशी कसे बांधलेले असते, हे पाहण्यासाठी दक्षिण इराककडे वळले पाहिजे. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या संगमाजवळची विस्तीर्ण दलदल, जिला अरबीत अह्वार म्हणतात, ही मअदान लोकांची भूमी आहे. तेथे पाणकणसाला बर्दी म्हणतात आणि त्याच्या परागापासून खिर्रेत नावाचा पिवळाधमक, भुसभुशीत गोड पदार्थ तयार करतात. तुरे कापून उन्हात वाळवायचे, झोडून पराग झाडून घ्यायचा, तो बारीक चाळून साखरेबरोबर कापडात बांधायचा आणि उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून घट्ट होऊ द्यायचा, अशी त्याची कृती आहे. वसंतात तो बसऱ्याच्या बाजारात विकायला येतो. १९५० च्या सुमारास या दलदलीत जन्मलेल्या माणसाचे आयुष्य डोळ्यांसमोर आणले, तर बालपणी तो नळाच्या, म्हणजे उंच बोरूसारख्या गवताच्या, कमानदार घरात वाढला, लांब होडीतून म्हशींसाठी चारा कापायला गेला, आणि दर वसंतात त्याने खिर्रेत खाल्ले. इंग्रज प्रवासी विल्फ्रेड थेसिजर १९५१ ते १९५८ या काळात वर्षातले अनेक महिने याच लोकांत राहत होता, आणि १९६४ साली त्याने त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक आजही त्या जगाचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे. हाच माणूस चाळिशीत आला तेव्हा १९९१ चे बंड चिरडल्यानंतर इराकी सरकारने बांध घालून आणि कालवे खणून दलदलीचे पाणी तोडले. २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने उपग्रहचित्रांच्या आधारे जाहीर केले की या दलदलीचा सुमारे ९० टक्के भाग नष्ट झाला आहे. लाखाहून अधिक माणसे देशोधडीला लागली. त्याने पन्नाशी ओलांडल्यावर, २००३ मध्ये, स्थानिक लोकांनी फावडी घेऊन बांध फोडले, पाणी परतले, त्यामागून गवत परतले, आणि २०१६ साली अह्वारला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. आता सत्तरी पार केलेल्या त्या माणसाच्या दारातले पाणी पुन्हा आटते आहे, कारण नद्यांच्या वरच्या भागात, तुर्कस्तान आणि सीरियात, मोठी धरणे आहेत, दुष्काळ वारंवार येत आहेत, आणि जे पाणी उरते ते खारट होत चालले आहे. खारटपणा नळ बऱ्याच प्रमाणात सोसतो; पाणकणीस तितका सोसत नाही. खिर्रेतची कृती त्या माणसाच्या घरात कोणीही विसरलेले नाही. पाणी राहिले तर ते अन्न राहील, इतका हा प्रश्न सरळ आहे.

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या वाळवंटी प्रदेशातही हेच घडले. स्टिलवॉटर दलदलीकाठच्या उत्तर पाइयूट लोकांना तोइदिकादी, म्हणजे पाणकणीस खाणारे, या नावानेच ओळखले जाई. याच राज्यातल्या लव्हलॉक गुहेत सापडलेल्या वाळक्या मानवी विष्ठेच्या तपासणीत पाणकणसाचे पराग आणि बिया आढळल्या आहेत. १९०२ च्या सिंचनविषयक कायद्यानंतर अमेरिकी केंद्र सरकारने हाती घेतलेल्या पहिल्या सिंचन प्रकल्पांपैकी एक याच भागात झाला, १९०५ मध्ये ट्रकी नदीचे पाणी बंधारा घालून शेतीकडे वळवले गेले, आणि काही दशकांत तिच्या पाण्यावर भरणारे विनेमक्का सरोवर पूर्ण कोरडे पडले. स्टिलवॉटरच्या दलदलीत पाणी राहिले, पण त्यातले बरेचसे शेतातून निचरा होऊन येणारे, आर्सेनिकाने आणि क्षारांनी भारलेले पाणी होते, आणि गाळात जुन्या चांदीच्या खाणींतला पारा होता. पाणकणीस तेथे आजही वाढते. ते उपटून, कुटून मुलांना खाऊ घालण्याचे धैर्य कोणत्या आईला व्हावे?

पाणकणसाच्या अन्नाची ही गोष्ट इतर हरवलेल्या रानभाज्यांच्या गोष्टीहून वेगळी आहे, ती याच ठिकाणी. सामान्यतः वनस्पती दुर्मीळ होते आणि तिच्याबरोबर तिची चव जाते. पाणकणीस दुर्मीळ झालेले नाही, उलट कालवे, पाझर, धरणांचे फुगवटे आणि शहरांचे नाले यांनी त्याचे राज्य वाढवले आहे. महाराष्ट्रात ते गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात आहे, आणि हे पाणस्थळ २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तेथे जांभळी पाणकोंबडी त्याचे कोवळे कोंब पायाच्या लांब बोटांत धरून सोलून खाते, आणि त्याच पात्यांच्या आडोशाला घरटे करते. तेच पाणकणीस नगरपालिकांच्या उघड्या गटारांतही तितक्याच जोमाने उभे असते. मुळांशी झिरपणाऱ्या प्राणवायूमुळे तेथील सूक्ष्मजीव सांडपाण्यातली घाण कुजवून टाकतात, आणि शिसे, कॅडमिअम यांसारखे जड धातू वनस्पती शोषून घेते. या गुणाचा उपयोग करून नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड तंत्रात पाणकणीस आणि तत्सम वनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध केले जाते. मात्र शोषलेले धातू पात्यांपेक्षा मुळांत आणि मूलक्षोडात अधिक साठतात, म्हणजे माणसाच्या खाण्याचा जो मुख्य भाग, नेमक्या त्याच भागात. जे पाणी शुद्ध करण्यासाठी ही वनस्पती राबते त्या पाण्यातली ती खाता येत नाही, आणि शहराजवळ उगवलेले पाणकणीस हौसेने चाखून पाहणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. कणीस नसताना नुसत्या पात्यांवरून ओळख पटवणे धोक्याचे असते, कारण दलदलीत वेखंडही वाढते. बाळगुटीत उगाळून घेतलेले वेखंड मराठी घरांना परिचयाचे आहे, परंतु ते औषध आहे, पोटभर खाण्याची वस्तू नव्हे. वेखंडाचे पान चुरडले की उग्र वास येतो आणि पानावर उठून दिसणारी शीर असते. पाणकणसाचे पान आतून सच्छिद्र असते आणि त्याला असा वास नसतो. गेल्या वर्षीचे वाळके कणीस ज्या जुंबाड्यात उभे आहे त्यातलेच झाड निवडणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय.

पाणकणीस आजही भाजी म्हणून मानाने खाल्ले जाते ते चीनमध्ये. च्यांगसू प्रांतातील हुआइ-आन या शहरात पाण्याखालचा पांढरा, कोवळा बुंधा ही खास भाजी मानली जाते, आणि बाराव्या शतकात वेढ्यात अडकलेल्या ल्यांग होंग्यू या स्त्री-सेनानीच्या सैन्याने ती खाऊन दिवस काढले अशी दंतकथा तेथे सांगतात. शान्तुंग प्रांतातील जिनान येथे तीच भाजी पांढऱ्या, दाट रश्शात शिजवतात. तेथे ती लागवडीची भाजी झाली आहे, आणि लागवड म्हणजे पाण्याची राखण आलीच. महाराष्ट्रात अशी राखण करणारे लोक नाहीत असे नाही. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत कोहळी समाजाने बांधलेले शेकडो जुने तलाव आहेत, ज्यांना आज माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि त्यांत ढीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासे धरतो, शिंगाडा लावतो. अलीकडच्या काळात तिथल्या स्त्रियांनी तलावांतले बेशरम नावाचे तण उपटून काढले आणि माशांना उपयोगी अशा पाणवनस्पती पुन्हा लावल्या. शिंगाड्याचे पीठ करणे ज्यांना येते त्यांना पाणकणसाचे पीठ अवघड जाणार नाही, आणि कोणत्या तलावात गावाचे सांडपाणी येते, कोणत्यात फक्त डोंगरावरचे पावसाचे पाणी येते, हे त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. स्वच्छ पाणलोटाचा तलाव निवडून, त्याचा गाळ आणि मूलक्षोड आधी प्रयोगशाळेत जड धातूंसाठी तपासून, मच्छीमारांच्या सहकारी संस्थेमार्फत थोड्या क्षेत्रावर काढणी करून पाहणे शक्य आहे. ती हिवाळ्यात, वाढीचा हंगाम संपून मूलक्षोडात पिष्ट भरल्यावर केली, तर पावसाळ्यात वीण करणाऱ्या पाणकोंबडीच्या घरट्यांनाही तिचा धक्का लागणार नाही.